रस्त्याकडे तोंड करून

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं एक गाव आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबानं बेताचं तालुक्याचं ठिकाण. सभोवार मका आणि सोयाबीन. अशा गावात देशोदेशींचे वास्तुरचनाकार हातात नकाशे घेऊन हिंडताना दिसतात आणि काँक्रीटबद्दल हळव्या आवाजात बोलताना ऐकू येतात. कारण एलिएल सारिनेन यांचं 1942 सालचं चर्च इथे आहे, त्यांचा मुलगा एरो याची 1954 सालची काचेच्या भिंतींची बँक इथे आहे आणि आय. एम. पे यांचं 1969 सालचं ग्रंथालयही इथेच आहे. (हे पे म्हणजे मंगळूरकडचे पै असणार, अशी आमच्या ह्यांची पहिल्या दिवशी ठाम समजूत. इतक्या लांब आपलाच माणूस भेटल्याचा कोण आनंद झाला होता! ग्रंथालयातल्या बाईंनी ते चिनी वंशाचे असल्याचं सांगितलं, तेव्हा चेहरा पाहण्यासारखा झाला.)

ही सारी करणी जे. अर्विन मिलर या गृहस्थांची. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचे ते प्रमुख. गावात कळाहीन शाळा बांधल्या तर चांगली माणसं इथे राहायला येणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. मग कंपनीच्या प्रतिष्ठाननं गावापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही देतो त्या यादीतला वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी आम्ही भरतो. हॅरी वीज यांची 1957 सालची शाळा ही त्यातली पहिली. पुढे शाळांमागून शाळा झाल्या, अग्निशमन केंद्रं झाली. कमिन्स म्हणजे काय हे पुण्यात कुणाला समजावायला नको. 1962 साली कंपनीनं पुण्यात बस्तान मांडलं आणि कोथरूडच्या कारखान्याचा भोंगा कितीतरी घरांचं घड्याळ झाला. तेव्हापासून कोथरूड ते कोलंबस अशी माणसांची ये-जा चालू आहे. आमचा जावई त्याच वाटेनं गेला, त्याच्यामागून आमची लेक आणि तिच्यामागून उन्हाळ्याच्या मुक्कामाला आम्ही दोघं.

गावात आलेल्या प्रत्येकाला नव्या इमारती पाहण्याची फेरी करावीच लागते. आम्हीही केली. गंमत म्हणजे या आधुनिकतेच्या फेरीची तिकिटं मिळतात ती 1864 साली बांधलेल्या एका जुन्या घरात. मला ते घर फार आवडलं, पण बस सुटायची वेळ झाली होती. फेरीत पाहिलं ते सुंदर होतं, यात शंका नाही. सारिनेनच्या चर्चचा उंच सरळ मनोरा, पे यांचं विटांचं ग्रंथालय, त्याच्यासमोर हेन्री मूर यांची ब्राँझची अवाढव्य कमान. पण अशा इमारतींपुढे उभं राहिलं की आपल्याला काही तरी समजायला हवं, असं दडपण येतं. मी आपली मान हलवत राहिले.

खरा जीव गुंतला तो दुसरीकडेच, आणि त्याला कारण गाडी. या देशात गाडी न चालवणारे आईवडील म्हणजे कुठे तरी उतरवून ठेवायची आणि संध्याकाळी आठवणीनं उचलायची वस्तू. लेकीच्या घराभोवती हिरवळ होती, तळं होतं, बदकं होती. नव्हता तो फूटपाथ. चालत निघालं की शेजारची माणसं गाडी थांबवून "सगळं ठीक आहे ना?" असं विचारत. इथे पायी चालणारा माणूस एक तर व्यायाम करत असतो, नाही तर संकटात असतो. तेव्हा लेकीनं तोडगा काढला. ती कामाला जाताना मला डाउनटाउनमध्ये सोडायची. तिथे फूटपाथ होते, बाकं होती, सावली होती, आणि कारणाशिवाय हिंडणाऱ्या बाईकडे कुणी काळजीनं पाहत नव्हतं.

तिथली मुख्य वाट म्हणजे वॉशिंग्टन स्ट्रीट. इमारती दोन-तीन मजली, एकमेकींना खांदे लावून उभ्या. तळमजल्यावर दुकानांच्या काचा. त्या सारख्या बदलत आलेल्या. आज कॉफी, काल बूट, परवा आणखी काही. नजर वर नेली की मात्र शंभर-सव्वाशे वर्षांत फारसं काही हललेलं नाही. लाल विटा, उंच अरुंद खिडक्या, त्यांच्यावर घडीव दगडाच्या कमानी, आणि सर्वांत वर, छताच्या कडेला, तोड्यांवर तोललेली, रस्त्यावर झुकलेली जाड नक्षीदार कॉर्निस. कुठे तिच्या मधोमध त्रिकोणी मुकुट, त्यात बांधणाऱ्याचं आडनाव आणि साल.

हे सगळं इटलीहून आलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या गावागावात इटालियन वळणाची साथ आली होती. फ्लॉरेन्सच्या सावकारांनी आपल्या वाड्यांना जसे जाड छज्जे काढले तसेच इथल्या व्यापाऱ्यांनाही हवे झाले. फ्लॉरेन्सचा सावकार राजांना कर्ज द्यायचा. इथला व्यापारी खिळे विकायचा, बिजागऱ्या विकायचा, घोड्यांचे लगाम विकायचा, फार तर मक्याच्या बियाण्यावर उधारी द्यायचा. पण छज्ज्याच्या बाबतीत तो कुणाला हार जाणार नव्हता.

मला हा माणूस आवडतो. त्याची ऐट मला कळते. ती मोठ्या शहराची मग्रूर ऐट नव्हे. काल-परवापर्यंत जंगल होतं तिथे आज रस्ता झालाय, रेल्वे आलीय, आपलं दुकान पक्क्या विटांचं झालंय, आणि हे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळलं पाहिजे, अशी ती ऐट. या गावाचा जन्मच मुळी ऐटीतून झालेला. 1821 साली गाव वसलं तेव्हा जनरल जॉन टिप्टन यांच्यावरून त्याचं नाव टिप्टोना ठेवलं होतं. महिन्याभरातच गावकऱ्यांना ते नकोसं झालं आणि त्यांनी थेट कोलंबसाला गाठलं. टिप्टनसाहेब रागावून गावच सोडून गेले, असं इथे सांगतात. मला टिप्टनसाहेबांचा राग समजतो. पण नुकतीच झाडं तोडून जागा केलेल्या चार घरांच्या वस्तीला कोलंबसापेक्षा लहान नाव पुरेना, ही गोष्ट त्याहून जास्त समजते.

एकदा चुकून मी गल्लीत शिरले आणि त्या इमारतींची बाजू पाहिली. बाजूला काही नाही! साधी ओबडधोबड वीट, भिंती बाहेर फुगू नयेत म्हणून आरपार घातलेल्या सळयांच्या टोकाला लोखंडी चांदण्या, आणि तंबाखूची नाही तर शीतपेयाची रंग उडालेली जाहिरात. मागच्या अंगाला तर लाकडी जिने, नळ्या, कचऱ्याचे डबे. आमचे आजोबा कचेरीत जाताना वर बंद गळ्याचा कोट आणि डोक्याला पगडी घालत, आणि खाली आपलं नेहमीचं धोतर. साहेबासमोर टेबलामागे बसायचं असल्यामुळे कोटाचं काम भागे. वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या इमारती तशाच: रस्त्याकडे कोट, गल्लीकडे धोतर. मला तर त्या दिवसापासून त्या जवळच्या वाटू लागल्या.

पुढे कळलं की हा कोटही बऱ्याच ठिकाणी तयार कपड्यांच्या दुकानातला असे. इंडियानातच ओहायो नदीकाठी एव्हान्सव्हिल म्हणून शहर आहे. तिथे जॉर्ज मेस्कर नावाचा कारखानदार दुकानांचे दर्शनी भाग बनवून विकत असे. त्याचे दोन भाऊ, बेन आणि फ्रँक, सेंट लुइसला हाच धंदा करत. म्हणजे भावाभावांत स्पर्धा. वडील जर्मनीतून आलेले, पत्र्याच्या कामातले. या भावांनी छापील कॅटलॉग काढले आणि ते देशभर टपालानं धाडले. दुकानदारानं रात्री दिव्याच्या उजेडात पानं उलटायची, बायकोशी चर्चा करायची (ती झाली असणारच, कुठल्याही इतिहासात लिहिलेली नसली तरी), आपल्या दुकानाच्या तोंडाची मापं लिहून पाठवायची. मग काही दिवसांनी रेल्वेनं खोकी येत. त्यात बिडाचे खांब, पत्र्याचे ठसे उमटवलेले फलक, कॉर्निसचे तुकडे, खिडक्यांवरच्या टोप्या. गावच्या सुतारानं ते जोडून ठोकायचं, वर दगडाच्या रंगाचा हात मारायचा, की झाला वाडा!

जवळ जाऊन बोटानं टकटक केलं तर दगड ठणठण वाजतो. मी वाजवून पाहते. आमचे हे अशा वेळी चार पावलं पुढे जाऊन दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखे उभे राहतात. खांबाच्या पायथ्याशी वाकून पाहिलं तर कधी कधी कारखान्याच्या नावाची पट्टीही सापडते. जाणकार नक्षीवरूनच ओळखतात: सेंट लुइसच्या भावांच्या मालावर फ्रेंच राजघराण्याचं लिलीचं फूल, तर एव्हान्सव्हिलच्या मालावर गारवेलीसारखी निळ्या फुलांची वेल. असे दर्शनी भाग अमेरिकेत हजारोंनी गेले. कन्सासमधल्या औषधाच्या दुकानाला आणि इलिनॉयमधल्या पेढीला एकच मुकुट, पण दोघांच्या मधे इतकं अंतर की कुणाच्या अब्रूला धक्का लागायचा प्रश्न नव्हता.

तयार लोखंडी घर मागवण्याची ही हौस आपल्याकडेही येऊन गेलेली आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन म्हणून जी इमारत आहे, ते मूळचं वॉटसन्स हॉटेल. 1860 च्या दशकात तिचा बिडाचा सांगाडा विलायतेत बनवून, जहाजानं आणून इथे उभारला गेला. फरक इतकाच की तिथे हौस साहेबाची होती, आणि इथे किराणा मालाच्या दुकानदाराची.

नकली दगड, टपालानं आलेली संस्कृती, इटलीची नक्कल, असं म्हणून शिकलेल्या माणसांनी या रस्त्यांची पुष्कळ टिंगल केली आहे. मला ती पटत नाही. तुम्ही टीका कसली करता, तर ऐट खोटी आहे याची. पण ऐट खरी असते कुठे? आणि ही ऐट पाहा तरी कुणासाठी केलेली. दुकानात आत शिरणाऱ्याला कॉर्निस दिसत नाही. तो दाराशी पोचेपर्यंत ती त्याच्या डोक्यावरून मागे गेलेली असते. ती दिसते समोरच्या फूटपाथवरून जाणाऱ्याला, जो कदाचित तुमच्याकडे काहीच विकत घेणार नाही. म्हणजे पदरचे पैसे मोजून परक्यांसाठी शोभा मांडलेली. हमरस्त्यावरच्या आजच्या अजस्र दुकानांना असा काही सोस नाही. आधी मैदानभर गाड्या, मग एक लांबलचक बिनखिडक्यांची भिंत आणि तिच्यावर अक्षरं. सगळी दौलत आत, दिव्याखाली. बाहेरच्याला दाखवण्यासारखं काही असावं, असं त्या भिंतीला वाटलेलंच नाही.

आता मिलर यांच्याकडे परत येते, कारण मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट कळली आणि मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ काही माफ केलं. त्यांच्या आईकडचे पूर्वज जोसेफ अर्विन यांचं या रस्त्यावर कापडाचं आणि किरकोळ मालाचं दुकान होतं. दुकानात मजबूत तिजोरी होती. गावची माणसं आपले पैसे विश्वासानं तिच्यात ठेवायला देऊ लागली, आणि 1871 साली त्यातून रीतसर बँकच उभी राहिली. 1881 साली त्यांनी बँकेसाठी वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर इमारत बांधली, तीही त्या काळच्या सगळ्या नक्षीकामासह. (पुढे याच घराण्याच्या गाडीवर क्लेसी कमिन्स नावाचा ड्रायव्हर होता. त्याला इंजिनांशी खेळायचा नाद. मालकानं भांडवल दिलं आणि 1919 साली इंजिनांची कंपनी निघाली. मालकाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरचं नाव कंपनीला लागलं आणि मालकाचं नाही, यावर आमच्या ह्यांनी बराच वेळ विचार केला.) तर सांगायचं ते असं की गावभर काचेच्या आणि काँक्रीटच्या इमारती उभारणारे, जगातले नामांकित रचनाकार गावात आणणारे मिलर स्वतः उतारवयात कुठे बसून काम करत? त्या 1881 सालच्या जुन्या इमारतीत. आतली सजावट नव्या वळणाची करून घेतली, पण छज्जा तोच, खिडक्या त्याच. आता याला काय म्हणावं!

या रस्त्यावर एक वाईट दिवस येऊन गेला, तो सगळ्या अमेरिकेतच आला होता. 1935 साली काच बनवणाऱ्या लिबी-ओवेन्स-फोर्ड कंपनीनं रचनाकारांसाठी स्पर्धा लावली: जुन्या दुकानांचं तोंड आधुनिक कसं करावं? उत्तर अर्थातच काचेतून यायचं होतं. रंगीत, गुळगुळीत काचेचे फलक विटांवर बसवायचे. मग महायुद्धानंतर गावाबाहेर मॉल निघू लागले, गिऱ्हाईक गाडीत बसून तिकडे पळालं, आणि डाउनटाउनच्या दुकानदारांना वाटलं की आपला चेहरा म्हातारा झालाय म्हणून असं होतंय. त्यांनी वरच्या दोन्ही मजल्यांवर, खिडक्यांसकट, ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. कॉर्निस आडवी आली तिथे ती कापली. रात्रीत सगळा रस्ता नवा दिसायला लागला. गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही. त्याला चेहरा नव्हे, गाडी लावायला जागा हवी होती.

कोलंबसचे दुकानदारही त्याच वाटेवर होते. पण इथे मिलर यांचे स्नेही अलेक्झांडर जिरार्ड, म्हणजे रंगांचा आणि कापडांचा मोठा कलावंत, यांना विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं, काही झाकू नका. 1960 च्या दशकात त्यांनी या जुन्या इमारतींसाठी रंगांचा एक खास संच ठरवून दिला, पाट्या आटोपशीर केल्या, आणि विटा-कमानी-तोडे यांना ज्याचा त्याचा रंग वाटून दिला. आधुनिक माणसाला जुन्या दुकानाकडे पाहून लाज वाटली नाही, हे मला फार मोठं वाटतं. तरी सगळं वाचलं असं नाही. 1970 च्या दशकात सीझर पेली यांचा बंदिस्त मॉल डाउनटाउनच्याच पोटात बसवण्यासाठी जुन्या इमारतींचा मोठा तुकडा पाडला. आणि क्रंप थिएटर पाहा: जन्म 1889 चा, चेहरा 1941 चा, सरळ पट्ट्यांचा आणि गोलाईचा. तेव्हा नव्या फॅशनचा वाटलेला तो चेहराही आता इतका जुना झालाय की लोक तोच जपायला निघालेत. पन्नास वर्षं लोटली की अमेरिकेत वस्तू ऐतिहासिक ठरायला पात्र होते. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीचा तसा संकेतच आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनाही पन्नास होऊन गेली. आता त्यांच्या बाजूनंही कुणी तरी उभं राहतं म्हणतात. अजून मी तरी त्यांच्या बाजूची नाही.

या रस्त्यावर सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो झाहाराकोसमध्ये. ग्रीसहून आलेल्या भावांनी 1900 साली हे आइस्क्रीमचं दुकान काढलं. 1904 साली सेंट लुइसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथली ऑनिक्स दगडाची सोडा-फाउंटनं त्यांनी उचलून आणली. शिवाय जर्मन बनावटीचं एक भलंमोठं वाद्य, जे आपलं आपणच वाजतं आणि एका वेळी अख्ख्या बँडाचा आवाज काढतं. एवढ्याशा गावात आइस्क्रीम विकायला हे सगळं कशाला, असा प्रश्न त्या भावांना पडला नाही, हेच त्यांचं मोठेपण. 2006 साली दुकान बंद पडलं. पुढे ते नीट दुरुस्त होऊन 2009 साली पुन्हा उघडलं. आमचे हे तिथे फक्त वाद्य ऐकायला येतो असं म्हणत, आणि ऐकताना दोन गोळे खात.

लेकीनं एका शनिवारी आम्हाला मॅडिसनला नेलं. तासाभराच्या अंतरावर, ओहायो नदीच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव म्हणजे कोलंबसची थोरली बहीण. इंडियानातली पहिली रेल्वे इथूनच निघाली. 1836 साली काम सुरू झालं, नदीकाठावरून वर चढण्यासाठी डोंगर फोडला, आणि 1844 साली ती कोलंबसला पोचली. मॅडिसनला आगबोटी लागत, डुकराच्या मांसाचा मोठा व्यापार चाले, पैसा खेळत होता. मग इतर ठिकाणी इतर रेल्वे झाल्या, व्यापार दुसरीकडे गेला, आणि मॅडिसन जिथल्या तिथे राहिलं. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. म्हणून आज मैलभर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुनी रांग जवळजवळ शाबूत आहे. जुन्या वास्तू जपण्यासाठी पुष्कळ कायदे आहेत, 1966 सालचा राष्ट्रीय कायदा आहे, करात सवलती आहेत. पण गावाची शंभर वर्षांची मंदी जे करून दाखवते ते यातल्या कशालाही जमलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारला परदेशात दाखवायला नमुनेदार अमेरिकन गाव हवं होतं. तेव्हा जोसेफ फॉन स्टर्नबर्ग या नामांकित दिग्दर्शकाला याच मॅडिसनला पाठवून 'द टाउन' नावाचा छोटा चित्रपट काढला. पुढे 1977 साली ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय न्यासानं मरत चाललेल्या डाउनटाउनना जगवण्याचा प्रयोग तीन गावांत सुरू केला, त्यातही मॅडिसन होतं. इलिनॉयमधलं गेल्सबर्ग आणि साउथ डाकोटामधलं हॉट स्प्रिंग्ज ही दुसरी दोन. उपाय साधेच: पत्रे उतरवा, रंग लावा, पाट्या लहान करा, रस्त्याला एक कारभारी नेमा, जत्रा भरवा. त्यातून निघालेली मेन स्ट्रीट चळवळ देशभर पसरली. इतकं जपलेल्या या गावात 2009 साली जुन्या कोर्टाच्या इमारतीला आग लागून तिचा घुमट कोसळला. आणि आग कशानं लागली? दुरुस्तीच्या कामानं. कारागीर छतावर झाळकाम करत होते. गावानं निमूटपणे पुन्हा घुमट बांधला, अगदी होता तसा.

मॅडिसनमध्ये मला पडदा अडकवायला खिळा हवा होता. या रस्त्यांवरच्या कितीतरी इमारती मुळात खिळे विकायलाच बांधलेल्या. त्या अख्ख्या रस्त्यावर खिळा मिळाला नाही. सुगंधी मेणबत्त्या मिळाल्या, हातानं बनवलेला साबण मिळाला, "जुनं गाव, जुन्या आठवणी" अशा अर्थाचं काही तरी लिहिलेली लाकडी फळी मिळाली. ती फळी भिंतीला अडकवायची तरी कशानं, हे मी दुकानदारीणबाईंना विचारलं नाही. ऐट करायला आधी खिळे विकावे लागत, आता ऐटच विकायला आहे. वॉल्ट डिस्नी यांनी तर आपल्या लहानपणच्या गावाची याद म्हणून 1955 साली डिस्नीलँडमध्ये अख्खा मेन स्ट्रीटच उभारला. तिथले वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे केले आहेत, म्हणजे इमारती उंच भासतात. वर कुणी राहणारच नसेल तर छत कितीही खाली आणता येतं.

खऱ्या रस्त्यांवरही वरचे मजले कितीतरी वर्षं रिकामेच होते. एके काळी तिथे वकील बसत, दंतवैद्य दात उपटत, भ्रातृमंडळांच्या बैठका चालत, कुठे नाटकंही होत. नाही तर दुकानदाराचंच बिऱ्हाड असे. मग माणसं जिने चढायची थांबली, आगीचे नियम कडक झाले, आणि वर नुसती कबुतरं उरली. आता पुन्हा तिथे घरं होऊ लागली आहेत. कोलंबसमध्ये जावयाच्या ऑफिसातलं कोल्हापूरकडचं एक तरुण जोडपं वॉशिंग्टन स्ट्रीटवरच एका दुकानाच्या माडीवर राहायला आलं, आणि त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. मला तर पंढरपूरच गवसल्यासारखं झालं. इतके दिवस खालून पाहिलेल्या त्या खिडक्या आता आतून बघायला मिळणार!

जिना अंधारा, उंच पायऱ्यांचा. ह्यांनी मधेच थांबून "दंतवैद्याकडे जाताना माणसं वाटेतच बरी होत असतील" असं म्हणून घेतलं. वर मात्र प्रशस्त खोली, पुरुषभर उंचीच्या खिडक्या, उघड्या विटांची भिंत आणि ठसे उमटवलेल्या पत्र्याचं छत. त्या मुलीनं पोहे केले होते. मी चहाची कपबशी हातात घेऊन खिडकीशी गेले आणि म्हटलं, "अगं, तुमच्या इमारतीची कॉर्निस या सगळ्या रस्त्यात सर्वांत सुरेख. मधोमध तो मुकुट, त्याच्या दोन बाजूंना कलश. केवढं नशीब तुमचं!"

ती बघतच राहिली. "आमच्या इमारतीला? काकू, मी कधी पाहिलंच नाही. इथून दिसत नाही ना." मग समोर बोट दाखवून म्हणाली, "आम्हाला रोज ही समोरची दिसते. ती पण मस्त आहे."

समोरची खरंच मस्त होती. हिरव्या-तांबड्या रंगात रंगवलेले तोडे, त्यांच्यामधे पानांची नक्षी.

"समोरच्यांची दिसते आम्हाला, आमची दिसते समोरच्यांना," तिचा नवरा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला. "काका, भाडं मात्र ज्यानं त्यानं आपापल्या नक्षीचं भरायचं असतं."

ह्यांनी लगेच विचारलं, "किती आहे?"